दारातली पाठमोरी

टेंगशे काकांच्या शर्टाच्या वरच्या खिशात कायम अर्धं ब्लेड असायचं. दाढीचं ब्लेड मधोमध मोडून केलेलं, जुन्या पोस्टकार्डाच्या तुकड्यात घडी घालून ठेवलेलं. पुण्याला पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. धरणाच्या नकाशावर शाईची रेघ चुकली, की ती ब्लेडनं अलगद खरवडून काढायची, ही तिथली रीत. पुढे नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले, काका रिटायर झाले, काकू गेल्या आणि मुलानं त्यांना न्यूझीलंडला आणलं. एवढं सगळं झालं तरी ब्लेड खिशातच राहिलं.

त्यांचा मुलगा मिलिंद वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमध्ये, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. मी एका केमिस्टकडे फार्मासिस्ट. शनिवारी ड्यूटी असायची म्हणून गुरुवार मोकळा. हे मिलिंदला नेमकं ठाऊक होतं. दोन हजार सहा सालच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

"अगं, बाबांबरोबर एकदा म्युझियमला जाशील? त्यांनी तिथल्या बाईंना पत्र लिहिलं होतं. कुठलं तरी चित्र बघायचंय म्हणून. आता अपॉइंटमेंट आलीये. मला मीटिंग्ज आहेत आणि अश्विनीची हॉस्पिटलला मॉर्निंग शिफ्ट."

मी हो म्हटलं, पण मनापासून नव्हे. मी पहिल्यापासून घाईची बाई. एका फेरीत तीन कामं उरकली नाहीत तर दिवस फुकट गेला असं मला वाटतं. काकांना तिथं सोडायचं, आपण बँक आणि भाजी करून यायचं, असा माझा बेत होता.

ट्रेनमध्ये काकांनी हकिगत सांगितली. जुन्या इंग्लिश चित्रांचं एक छोटं प्रदर्शन लागलं होतं, त्यात त्यांना हे चित्र सापडलं. मग दर गुरुवारी ते एकटे जाऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. एका गुरुवारी गेले तर भिंत रिकामी. शाईची चित्रं उजेडात फार दिवस ठेवत नाहीत, फिकी पडतात. तीन महिने टांगली की काही वर्षं पेटीत, अंधारात.

"तिथला गार्ड म्हणाला, इट्स रेस्टिंग, सर. रजेवर गेलंय म्हणे," काका हसले. "मी म्हटलं, किती दिवसांची रजा? तर म्हणाला, पाच वर्षं तरी. मला कुठली पाच वर्षं, बाई? डोळ्यांच्या डॉक्टरनं आधीच सांगितलंय. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जाणार. कडा राहतील, मधलं जाईल."

हे त्यांनी पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

म्युझियमच्या आत एक वेगळी खोली होती. तिथं वेळ ठरवून जायचं, हात धुवायचे, पिशव्या कपाटात ठेवायच्या. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हेलन नावाच्या उंच, पिकल्या केसांच्या बाई तिथल्या प्रमुख होत्या. त्यांनी विचारलं, खिशात पेन वगैरे काही? काकांनी आज्ञाधारकपणे खिसा रिकामा केला. आधी पेन निघालं, मग चष्म्याचं पुसणं, मग पोस्टकार्डाची घडी. हेलनबाईंनी ती उलगडली आणि आतलं अर्धं ब्लेड बघून त्यांचा चेहराच उतरला.

"मिस्टर टेंगशे, व्हॉट इज धिस?"

"रबर, मॅडम," काका म्हणाले. "फॉर इंक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनशे वर्षांच्या चित्राच्या खोलीत ब्लेड घेऊन आलेला माणूस आणि त्याच्याबरोबर आलेली मी! पण काकांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीनं धरण, रेघ, चुकलेली रेघ, ब्लेड असं सगळं काढून दाखवलं. हेलनबाई बघत राहिल्या आणि मग चक्क हसल्या. ब्लेड एका पाकिटात घालून, वर काकांचं नाव लिहून, त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढे दर वेळी हा विधी व्हायचा. आल्यावर काका ब्लेड जमा करायचे, जाताना सही करून परत घ्यायचे. घरी ठेवून या, असं त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनाही ते सुचलं नाही.

मग चित्र आलं. मी बँकेत जाणार होते, ती थांबले.

चित्र लहानसंच होतं, लग्नपत्रिकेएवढं. काळपट तपकिरी शाईच्या बारीक रेघा आणि त्यावर पाणी मिसळलेल्या शाईचे फिके-गडद थर, म्हणजे वॉश. एक ओली वाट, कललेलं कुंपण, पानं झडलेलं एक झाड आणि एक घर. घराला एकच दार, ते उघडं, आत अंधार. आणि त्या अंधारात, उंबऱ्याच्या जरा आत, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा भाग. त्याच्यावर वरच्या बाजूला एक फिकट फटकारा. बस, एवढंच.

शेजारी नोंदीचा कागद होता. घर आणि झाड असलेला देखावा. इंग्लिश, चित्रकार अज्ञात. शाई आणि वॉश. दाराशी कागदाच्या पृष्ठभागाला इजा.

काकांनी ती शेवटची ओळ दोनदा वाचली. पत्र त्यांनी त्यासाठीच लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. प्रदर्शनातल्या पाटीवरही तेच शब्द होते.

"नो, मॅडम," ते म्हणाले. "नॉट डॅमेज. दॅट इज अ लेडी. शी इज गोइंग इन."

हेलनबाईंनी भिंग लावून बघितलं. मीही बघितलं. मला ठिपका दिसत होता. हेलनबाई सभ्यपणे म्हणाल्या, असेलही, पण नोंद बदलायला पुरावा लागतो. काकांनी मान हलवली. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ते म्हणाले, "मी पुरावा देतो."

त्यांचा युक्तिवाद असा होता. वॉश देताना बोर्ड जरा कलता ठेवायचा, कुंचला भरून घ्यायचा आणि वरून खाली शाईचा ओघ ओढत आणायचा. मध्ये थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. जिथं पांढरं हवं तिथं कागद राखायचा, म्हणजे शाई त्याच्या कडेनं न्यायची. "ही बाई राखलेली आहे," काका म्हणायचे. "पहिल्यापासून त्याच्या मनात होती. तिच्यासाठी जागा सोडून मग त्यानं घर काढलं." हे सिद्ध करायला त्यांनी चित्राची हुबेहूब नक्कल करायची ठरवली. नक्कल जमली की पद्धत सिद्ध झाली, असा साधा हिशोब.

खोलीत शाई नेता येत नव्हती. म्हणून ते पेन्सिलीनं रेघा उतरवायचे आणि प्रत्येक भागात आकडा लिहायचे. एक म्हणजे जवळजवळ पांढरं, नऊ म्हणजे काळं. घरी जाऊन त्या आकड्यांबरहुकूम वॉश द्यायचे. मी एका गुरुवारसाठी गेले होते, ती वर्षभर जात राहिले. त्यांच्या शेजारी दोन तास काहीही न करता बसायला मला आवडायला लागलं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

म्युझियमच्या दारातला गार्ड माओरी पद्धतीनं "किया ओरा, सर, बॅक अगेन?" म्हणायचा. काका टोपी काढून "किया ओरा, ड्यूटी इज ड्यूटी" म्हणायचे. बाहेर बंदरावरचा वारा असा, की टोपी पुन्हा डोक्यावर चढवायला दोन्ही हात लागायचे.

घरी त्यांचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायचं. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं ते तीनला नात ईशा शाळेतून येईपर्यंत. घराची किल्ली त्यांनी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातलेली असायची. अश्विनीच्या चांगल्या सेटमधल्या बशीत ते शाईची कांडी उगाळायचे आणि ती बशी धुऊन जागच्या जागी ठेवायचे, तरी कुठंतरी काळा डाग राहायचाच. अश्विनी चिडायची नाही. "बाबा, मी तुम्हाला वेगळी बशी आणून देते हं," म्हणायची आणि विसरायची. वाईट कुणीच नव्हतं त्या घरात. सगळ्यांना वेळ कमी होता आणि काकांना तो फार होता, एवढंच.

नक्कल काही जमेना. झाड जमलं, वाट जमली, कुंपण तर मूळ चित्रापेक्षा बरं आलं. पण दार आलं की फसायचं. तांदळाएवढी जागा राखून भोवती गडद शाई न्यायची म्हणजे काय! कधी शाई आत घुसायची, कधी भोवती कडा उमटायची. एकदा त्यांनी मोठ्या उमेदीनं ईशाला बोलावून विचारलं, "सांग बघू, दारात कोण आहे?"

नऊ वर्षांच्या ईशानं नीट निरखून बघितलं. "आजोबा, देअर्'स नोबडी. इट्स जस्ट अ व्हाइट स्पॉट."

"नीट बघ. जाते आहे ना ती आत?"

"सॉरी, आजोबा. बट द ट्री इज कूल. हीप्स ऑफ ब्रांचेस."

काकांनी तो कागद पालथा घातला आणि तिला बिस्किटं काढून दिली.

त्या गुरुवारी ट्रेनमध्ये मी जरा वैतागूनच म्हणाले, "काका, असेल ठिपका तर असू दे ना. एवढं काय अडलंय तुमचं?"

काकांनी बोगदा संपू दिला. मग म्हणाले, "आमची कर्वेनगरची जागा तळमजल्याला होती. मी सहाला ऑफिसातून यायचो. फाटकाची कडी वाजली की मालती दारात यायची. आणि मी दिसलो रे दिसलो, की लगेच वळून आत जायची. चहा टाकायला. मी येऊन पोचेपर्यंत आधण ठेवलेलं असायचं. या, बसा, दमलात का, असलं काही नाही. मी मागून येणार, हे तिनं धरूनच ठेवलेलं. इतकी वर्षं मी घरी आलो ते तिची पाठ बघत. आता डोळे मिटले की तिचा चेहरा नाही येत गं पटकन. पाठ येते. आणि हे लोक त्याला इजा म्हणतात."

जॉन्सनव्हिल स्टेशनाबाहेरच्या डेअरीतून दूध घ्यायचं होतं, ते मी विसरले. त्यांच्या घरापर्यंत सोबत गेले. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, रिकाम्या घराचं दार उघडलं, आणि मला पहिल्यांदा ते दार टोचलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची नजर बरीच अधू झाली. समोर बघितलं की मधोमध धूसर. म्हणून ते चित्राकडे मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघायला शिकले. हेलनबाई हे सगळं बघत होत्या. मग एक दिवस त्यांनी स्वतःहून सांगितलं, की कागदाची तपासणी करणारे आमचे लोक पुढच्या आठवड्यात हे चित्र सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणार आहेत.

निकालाच्या दिवशी काकांनी कोट घातला होता. ब्लेड जमा केलं, हात धुतले, बसले. हेलनबाई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

त्या म्हणाल्या, "मिस्टर टेंगशे, यू आर राँग. अँड यू आर राइट."

त्यांनी मोठे केलेले फोटो पुढे ठेवले. काकांना ते दिसेनात, म्हणून मी बघून सांगत गेले. तिथं कागद राखलेला नव्हता. दारातला अंधार आधी सलग भरलेला होता, पुरता. शाई वाळल्यावर कुणीतरी धारदार टोकानं तेवढाच भाग खरवडला होता. कागदाचे तंतू वर आलेले स्पष्ट दिसत होते. आणि त्या खरवडलेल्या तंतूंवर नंतर पुन्हा फिकट शाईचा एक फटकारा दिलेला होता. खांद्याचा. अपघातानं झालेल्या ओरखड्यावर कुणी खांदा काढत नाही. म्हणजे ती इजा नव्हती. चित्रकारानंच तिला काढलं होतं.

"खरवडलंय?" काकांनी मला मराठीत विचारलं.

"हो, काका."

"ब्लेडनं?"

"ब्लेड म्हणा, चाकू म्हणा. तसंच काहीतरी."

ज्या माणसानं जन्मभर खरवडण्याचं काम केलं, त्याला खरवडलेलं ओळखू आलं नव्हतं. एरवी अशी चूक त्यांनी ज्युनिअरला माफ केली नसती. मला वाटलं, खट्टू होतील. त्यांनी फोटो पुढे ओढून त्यावरून बोट फिरवलं. हेलनबाईंनी कॉम्प्युटरवर नोंद बदलली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. घर आणि झाड असलेला देखावा, दारात आत जाणारी पाठमोरी व्यक्ती. काकांनी उठून त्यांना दोन्ही हातांनी नमस्कार केला.

ट्रेनमध्ये बसल्यावर म्हणाले, "मला वाटत होतं, पहिल्यापासून होती ती. नव्हती. आधी त्यानं सगळं घर काढलं, दार काढलं, आत अंधार भरला. काम संपलं. वाळलंसुद्धा. मग बघितलं असेल, आणि त्याला ते सोसलं नसेल. मग बसला असेल खरवडत." आणि खिसा चाचपून म्हणाले, "आम्ही चुकलेलं घालवायला खरवडायचो. आणायलाही खरवडता येतं, हे मला सुचलंच नाही."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर नवी नक्कल होती. झाड, वाट, कुंपण, घर. हातानं सवयीनं केलेलं, डोळ्यांनी नव्हे. दार सलग काळं भरलेलं होतं, एका दमात, एकही डाग नाही. त्यांनी खिशातून पोस्टकार्डाची घडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मला मधलं दिसत नाही. तू कर."

"मी? काका, मला ओळसुद्धा सरळ आखता येत नाही."

"गोळ्या मोजतेस ना दिवसभर? हात स्थिर आहे तुझा. दाबायचं नाही. नुसतं शाईला सांगायचं, सरक. कागदाचा कागद राहिला पाहिजे."

मी खरवडलं. अर्धा तास लागला असेल. आयुष्यात कुठलंच काम मी इतकं सावकाश केलेलं नाही. काका शेजारी मान तिरकी करून बसले होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, "पाठ आली?" शेवटी तांदळाएवढं पांढरं उमटलं. कुंचल्याच्या टोकानं त्यांच्या सांगण्याप्रमाणे खांदा दिला.

"आली, काका," मी म्हणाले.

त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, डोळ्याच्या कडेनं बराच वेळ बघितला. "हं," म्हणाले. "वळली." आणि मग माझ्यासमोर, अगदी उघडपणे, रडले. मीही रडले. तीन वाजता ईशा यायच्या आत आम्ही दोघांनी बशी धुतली.

त्याच सुमारास मिलिंदला ब्रिस्बेनला नोकरी लागली. घर आवरायला घेतलं. काकांनी हेलनबाईंचा निरोप घ्यायचा म्हणून शेवटच्या गुरुवारी आम्ही म्युझियमला जाऊन आलो. त्या दिवशी मी गाडी नेली होती. परतताना मला एका बाईंची ड्यूटी घ्यायची होती, अडीचला पोचायचं होतं. सवयीप्रमाणे मी मिनिटं मोजत चालवत होते.

गाडी फाटकाशी थांबली. काकांनी पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरता उतरता म्हणाले, "चहा टाकतो."

मी काच खाली करून म्हणाले, "काका, आज राहू दे. मला उशीर होतोय. ब्रिस्बेनला येईन ना मी, तेव्हा पिऊ."

वारा नेहमीसारखा सुटला होता. ते तोवर पायऱ्या चढत होते. एका हातानं टोपी धरलेली, दुसऱ्या हातात नाडीची किल्ली. कुलूप चाचपून उघडलं. आत अंधार होता, त्यात त्यांचा फिका स्वेटर तेवढा दिसला. वळून न बघता ते आत गेले. दार त्यांनी लावलं नाही. वयानं विसरले असतील असं मला वाटलं, आणि मी गाडी वळवली.

पुढच्या आठवड्यात ते ब्रिस्बेनला गेले, आणि दोन वर्षांनी तिथंच वारले. मी काही तिकडे जाऊ शकले नाही. नक्कल आता माझ्याकडे असते; जाताना त्यांनी ती मिलिंदजवळ माझ्यासाठी देऊन ठेवली होती.

पण त्या गुरुवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळेला अश्विनीचा फोन आला होता. पॅकिंगचा टेप आहे का, असं विचारायला. बोलता बोलता ती म्हणाली, "अगं, आज आली होतीस ना आत? दार सताड उघडं होतं आणि बाबा टेबलापाशीच बसलेले. ओट्यावर दोन कप होते. एक तसाच भरलेला, गार झालेला. घाईत विसरलीस वाटतं."

मी म्हणाले, "हो. विसरले."